ऑस्ट्रेलियात ४८५ व्हिसावर आहे, पीआरसाठी (कायमचं राहायला) आधी काय करायचं? घरच्यांनाही समजवायचंय

देवगडची_कलमं

नमस्कार मंडळी, मी देवगड तालुक्यातली, सिव्हिल इंजिनियर. बीई इकडे कोकणातच झालं, मग मेलबर्नला सिव्हिलमध्येच मास्टर्स केलं, ते २०२४ ला संपलं आणि लगेच ४८५ म्हणजे ग्रॅज्युएट व्हिसा घेतला. भारतीय पासपोर्टवाल्यांना मास्टर्सनंतर ३ वर्षं मिळतात त्यामुळे माझा व्हिसा २०२७ च्या पावसाळ्यापर्यंत आहे. सध्या गणपतीला घरी आलेय आणि आरती झाली की रोज कोणी ना कोणी विचारतंच, काय गो, तिकडची कायमची कधी होतलंस? मलाच नीट उत्तर माहीत नाही तर त्यांना काय सांगू, म्हणून इथे लिहितेय.

पीआरसाठी जे पॉइंट्स मोजतात ते माझे आत्ता असे होतात. वय २७ म्हणून ३०, इंग्लिश प्रोफिशियंट म्हणून १०, डिग्रीचे १५, तिकडे शिकले म्हणून ५, लग्न झालेलं नाही म्हणून १०. झाले ७०. कागदावर ६५ पुरतात पण ७० वर सिव्हिलवाल्याला अर्ज करायचं बोलावणं येईल असं मला तरी वाटत नाही. इओआय म्हणजे पीआरसाठी इच्छुक असल्याची नोंद अजून टाकलेली नाही कारण स्किल असेसमेंट म्हणजे शिक्षण-अनुभवाची अधिकृत तपासणीच केलेली नाही.

नोकरी एका बांधकाम कंपनीत आहे, फुलटाइम, पगार बँकेत जमा होतो. पण ऑफर लेटरवर माझं पद 'प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर' आहे. काम बघाल तर इंजिनियरचंच, ड्रॉइंग तपासणं, ड्रेनेजच्या लेव्हल्स, काँक्रीट ओतायच्या आधी स्टील मोजून बघणं, सबकॉन्ट्रॅक्टरच्या क्वांटिटी काढणं. हा अनुभव सिव्हिल इंजिनियर म्हणून धरतात की पदाचं नाव बघून फेकून देतात?

दुसरं म्हणजे, बाबांना मुंबईचा एक एजंट भेटलाय. तो म्हणतो, पैसे भरा, ओळखीच्या मालकाकडून स्पॉन्सरशिप काढून देतो, दोन वर्षांत पीआर हातात. रक्कम मोठी आहे. शिक्षणाच्या कर्जाला आमचं घर तारण आहे आणि ह्या वर्षी आंब्याला मोहोर उशिरा आला, पुढे पावसाने झोडपलं, त्यामुळे घरात पैसा नाही, तरी बाबा म्हणतात पोरीचं होत असेल तर बघू कुठून तरी. मला हे पटत नाहीये पण नाही म्हणायला माझ्याकडे ठोस कारण पण नाही.

आणि घरातले बाकीचे प्रश्न. बाबांना भीती आहे की पीआर घेतलं की सातबाऱ्यावर माझं नाव लागणार नाही. आई स्थळं बघतेय. मेलबर्न सोडून कुठेतरी लांब जावं का हा विचार माझ्या डोक्यात आहे. जे ह्यातून गेलेत त्यांनी प्लीज सांगा, कुठून सुरुवात करू?

---

राजापूर_ते_ॲडलेड

तुझा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसलो कारण तुझ्याकडे वेळ आहे आणि तो वेळ नेमका ह्याच टप्प्यावर लोकांचा जातो. मी पण सिव्हिलचाच, राजापूरचा, ४८५ वरून ४९१ (मोठ्या शहरांबाहेर राहायचा व्हिसा) आणि आता १९१ (त्याच्या पुढचा कायमचा व्हिसा) होऊन पीआर आहे, ॲडलेडला असतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेव, इओआय म्हणजे अर्ज नाही. स्किलसिलेक्ट ह्या सरकारी साईटवर तुझी माहिती भरून ठेवायची, फी नाही, दोन वर्षं ती तिथे राहते, बस. त्यावर ब्रिजिंग व्हिसा (निकाल लागेपर्यंत राहू देणारा तात्पुरता व्हिसा) मिळत नाही. ४८५ संपला आणि तुझा नुसता इओआय पडलेला असेल तर तुला देश सोडावा लागणार. आणि ते रेशनच्या रांगेसारखं पण नाही की आधी उभा राहिला त्याचा नंबर आधी, आधी पॉइंट्स बघतात, समान पॉइंट्स असतील तरच आधी कोण पोचलं ते बघतात. बोलावणं आलं की ६० दिवसांत खरा अर्ज टाकायचा, तो टाकला की ब्रिजिंग व्हिसा ए मिळतो आणि ४८५ संपल्यावर तो चालू होतो. म्हणजे तुझं खरं टार्गेट २०२७ चा पावसाळा नाही, त्याच्या आधी बोलावणं हातात असणं हे टार्गेट आहे. ह्या हिशोबाने बघितलंस तर दोन वर्षं वाटतात तेवढी मोठी नाहीत.

आता स्किल असेसमेंट. हे सगळ्यात पहिलं, बाकी सगळं नंतर. बोलावणं यायच्या तारखेआधी असेसमेंट झालेलं असलं पाहिजे, नंतरचं चालत नाही. सिव्हिलला इंजिनियर्स ऑस्ट्रेलिया करतं. त्यांच्या साईटवर मान्यताप्राप्त कोर्सेसची यादी आहे, त्यात तुझं मास्टर्स, तुझं युनिव्हर्सिटीचं नाव, तुझं वर्ष असेल तर काम सोपं आहे, डिग्री आणि ट्रान्सक्रिप्टवर होऊन जातं. यादीत नसेल तर सीडीआर म्हणजे आपल्या इंजिनियरिंगच्या कामाचा अहवाल लिहावा लागतो, त्यात तीन करियर एपिसोड, प्रत्येकात तू स्वतः काय केलंस हे. ते कोणाकडून विकत घेऊ नकोस, नेटवर ढिगाने विकतात, कॉपी सापडली की बंदी घालतात आणि मग काहीच करता येत नाही.

त्याच अर्जात जास्तीची फी भरून नोकरीचा अनुभव पण तपासून घेता येतो, तो घे. तुझ्या पदाच्या नावाचा प्रश्न तिथेच सुटतो. पदाचं नाव काय आहे ह्यापेक्षा काम काय करतेस हे बघतात. माझ्या पत्रावर पण इंजिनियर हा शब्द नव्हता. मी काय केलं, साईटवरच्या कंटेनर ऑफिसमध्ये मॅनेजरच्या समोर बसलो, माझ्या वहीतून कामं एकेक वाचून दाखवली, कल्व्हर्टच्या लेव्हल्स कोणी सेट केल्या, कॉम्पॅक्शन टेस्टचे रिपोर्ट कोणी बघून पास केले, डिझाईनरला चुका कोणी कळवल्या, आणि तो ते त्याच्या भाषेत टाईप करत गेला. शेवटी कंपनीच्या लेटरहेडवर सही, त्याचा फोन नंबर, माझी सुरुवातीची तारीख, आठवड्याचे तास. ते पत्र चाललं. तू पण आत्ताच मागून घे, नोकरी सोडताना मागायला गेलीस की लोकांचं मन बदललेलं असतं. पत्रात कामं 'मदत केली', 'समन्वय साधला' अशी लिहू देऊ नकोस, तपासलं, ठरवलं, मोजलं, मंजूर केलं असं असू दे, अर्थात खरोखर करत असशील तेवढंच.

आठवड्याला किमान २० तास, पगारी, आणि त्याच किंवा अगदी जवळच्या व्यवसायातलं काम असेल तर अनुभव धरतात. ऑस्ट्रेलियातलं एक वर्ष पूर्ण झालं की ५ पॉइंट्स, तीन वर्षं झाली की १०. पेस्लिप, टॅक्सचं स्टेटमेंट, सुपरचं (तिकडचा पीएफ) स्टेटमेंट सगळं महिन्याच्या महिन्याला एका फोल्डरमध्ये टाकत जा. सुपर जमा झालेलं दिसत नसेल तर लगेच विचार, कायद्याने मालकाने द्यायचंच असतं, १ जुलै २०२५ पासून पगाराच्या १२ टक्के आहे.

तुझं गणित पुढे असं जातं. ७० मध्ये वर्षाच्या अनुभवाचे ५, ७५. मराठीची सीसीएल (भाषांतराची परीक्षा) दिलीस तर अजून ५, ८०. इंग्लिश सुपिरियर (सगळ्यात वरची पातळी) झालं तर १० च्या जागी २०, म्हणजे ९०. राज्याचं नॉमिनेशन १९० (राज्याच्या शिफारशीवरचा पीआर व्हिसा) मध्ये ५ देतं, ४९१ मध्ये १५. आता तूच बघ की सगळ्यात मोठी उडी कुठे आहे. इंग्लिशसाठी पीटीई परीक्षा देणार असशील तर नवीन आकडे बघून घे, ७ ऑगस्ट २०२५ पासून दिलेल्या परीक्षेला सुपिरियरसाठी चारही विभागांत सरसकट ७९ राहिलेले नाहीत, प्रत्येकाचे वेगळे आहेत आणि स्पीकिंगला ८८ लागतात. ते जड जात असेल तर आयईएलटीएसला चारीत ८. दोन्हीच्या सराव परीक्षा देऊन ठरव.

एकट्या १८९ (राज्य किंवा मालक लागत नाही तो पीआर व्हिसा) वर अवलंबून राहू नकोस हे मी अगदी कळकळीने सांगतो. २०२४-२५ ला त्यांनी १८९ ला १६,९०० जागा ठेवल्या होत्या, राज्यांच्या १९० ला ३३,००० आणि ४९१ ज्यात येतो त्या रिजनल गटाला पण ३३,०००. ह्यात नवराबायको पोरं सगळी मोजलेली असतात. जागा जिथे जास्त तिथे जा.

---

मालवणची_नर्स

गो बाय, पहिल्यांदा त्या एजंटचा विषय संपवूया कारण बाकी सगळं निवांत करता येईल पण पैसे एकदा गेले की गेले.

स्पॉन्सरशिपसाठी पैसे मागणं हा ऑस्ट्रेलियात गुन्हा आहे, आणि देणं पण बेकायदेशीर, त्याला दंड आहे. २०१५ ला कायदा आलाय. तुझे बाबा म्हणतील सगळे देतात. सगळे देत नाहीत. आणि जो देतो त्याचा व्हिसा रद्द होऊ शकतो, म्हणजे तुझे दोन वर्षांचे कष्ट, घरावरचं कर्ज, सगळं त्या एका व्यवहारावर टांगलेलं राहणार. वर असा मालक तुला कायम दाबत राहणार कारण त्याला माहितीय तू तक्रार करू शकत नाहीस. आमच्या ओळखीत एका मुलीचं हे झालेलं मी डोळ्यासमोर बघितलंय, कामाचे तास दुप्पट, पगारातून परत रोख मागून घ्यायचा. ती बिचारी घरी काही सांगू शकत नव्हती. बाबांना हे वाचून दाखव.

खरी स्पॉन्सरशिप कशी असते ते सांगते म्हणजे फरक कळेल. मी स्वतः त्याच रस्त्याने आले. ४८२ व्हिसा, त्याचं नाव ७ डिसेंबर २०२४ पासून स्किल्स इन डिमांड झालंय. त्या कामाचा एक वर्षाचा अनुभव लागतो, आधी दोन लागायचा. पगार ठरलेल्या रकमेच्या वर लागतो, त्यातल्या कोअर स्किल्स गटाला २०२५-२६ साठी वर्षाला ७६,५१५ डॉलर आणि बाजारात त्या कामाला जे मिळतं त्याहून कमी नाही. सरकारला एक लेव्ही भरावी लागते ती मालकानेच भरायची, तुझ्याकडून वसूल करायची नाही. मग स्पॉन्सरकडे दोन वर्षं झाली की १८६ ला अर्ज, तो पीआर. मधे मालक बदलला तरी आता ती वर्षं धरतात, नवीन मालक पण मान्यताप्राप्त स्पॉन्सर पाहिजे इतकंच. नोकरी गेली तर एका वेळी १८० दिवस मिळतात दुसरा शोधायला. हे सगळं तुझ्या सध्याच्या कंपनीकडे पण विचारता येईल, फुकटात. विचार की. सगळ्यात वाईट काय होईल, नाही म्हणतील.

माझ्या मते इंजिनियरला दोन्ही वाटा चालू ठेवाव्यात. नर्सला, शिक्षकाला, बांधकामातल्या सुताराला गेल्या काही राउंडमध्ये कमी पॉइंट्सवर बोलावणी आली, तुमच्या लाईनला तसं नाही, म्हणून मालकाचा दरवाजा बंद करू नको.

आणि सल्ला विकत घ्यायचाच असेल तर ओमारा म्हणजे एजंटांची नोंद ठेवणाऱ्या तिकडच्या सरकारी संस्थेच्या रजिस्टरवर नाव असलेला मायग्रेशन एजंट नाहीतर तिकडचा इमिग्रेशनचा वकील. रजिस्टर ऑनलाईन आहे, नंबर टाकला की दिसतं.

---

देवगडची_कलमं

दोघांचे खूप आभार, बाबांना आत्ताच ओटीवर बसून वाचून दाखवलं. एजंटचा विषय बंद झाला. ते म्हणाले, मालकाने द्यायची गोष्ट आपल्याकडून कशी मागतो मग.

मास्टर्स यादीत आहे, आत्ता बघितलं! म्हणजे सीडीआर नाही लागणार. पण ४९१ बद्दल जरा सांगा ना, पाच वर्षं कुठेतरी अडकून पडायचं आणि मग पीआर नाही झालं तर? मेलबर्नला मैत्रिणी आहेत, मराठी मंडळ आहे, नोकरी आहे. आणि मेलबर्नलाच मास्टर्स केल्याने मला दुसरा ४८५ मिळत नाही ना?

---

राजापूर_ते_ॲडलेड

दुसरा ४८५ रिजनल भागात शिकून रिजनल भागातच राहिलेल्यांना असतो, तुझं कॅम्पस मेलबर्न शहरात असेल तर नाही. आणि अजून एक दार १ जुलै २०२४ पासून बंद झालंय, ४८५ वर असताना तिकडे बसूनच स्टुडंट व्हिसाला अर्ज करता येत नाही, बाहेर जाऊनच करावा लागतो. त्यामुळे 'नाही झालं तर एखादा डिप्लोमा टाकू' हा जुना सल्ला कोणी दिला तर ऐकू नको.

४९१ ची भीती घालव. पाच वर्षांचा व्हिसा आहे पण पीआरला पाच वर्षं थांबायचं नाही, तो हातात येऊन तीन वर्षं झाली आणि तीन आर्थिक वर्षांच्या टॅक्स असेसमेंट नोटिसा असल्या की १९१ ला अर्ज. आधी ठरावीक उत्पन्नाची अट ऐकू यायची, आता किमान आकडा नाही, नोटिसा पाहिजेत. पुन्हा पॉइंट्स नाहीत, पुन्हा असेसमेंट नाही, बोलावणं नाही. रिजनल भागात राहून काम करायचं ही अट पाळलीस की झालं. आणि रिजनल म्हणजे ओसाड गाव असं आपल्याला उगाच वाटतं. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन ही तीन मोठी शहरं सोडली तर जवळजवळ सगळा देश त्यात येतो, ॲडलेड, पर्थ, कॅनबेरा, होबार्ट, गोल्ड कोस्ट, आणि तुला मेलबर्नजवळच राहायचं असेल तर जिलाँग सुद्धा, ट्रेनने तासाभरात मेलबर्न. मेडिकेअर म्हणजे सरकारी आरोग्यसेवा पण मिळते ४९१ वर, ४८५ वर ती नाही.

एक बंधन मात्र नीट समजून घे. ४९१ घेतला की पहिली तीन वर्षं १८९, १९०, १८६ ह्यांना अर्ज करता येत नाही. म्हणून आधी १९० चे प्रयत्न करून बघ, तेच आलं तर थेट पीआर. मी सांगेन असं कर, १८९, १९० आणि ४९१ तिन्हींचे इओआय वेगवेगळे टाक, आणि राज्यांचं वेगळं रजिस्ट्रेशन असतं ते पण भर, व्हिक्टोरियाचं वेगळं, साऊथ ऑस्ट्रेलियाचं वेगळं. नुसता इओआय टाकून राज्य आपल्याला शोधेल म्हणून बसू नको. राज्यांचं वर्ष जुलैला सुरू होतं आणि कोटा आल्यावर फॉर्म उघडतात, तेव्हा तुझी कागदं तयार पाहिजेत.

बहुतेक राज्यांना तू तिथे राहतेस, तिथेच आपल्या क्षेत्रात कामाला आहेस हे हवं असतं. म्हणून रिजनलला जायचं असेल तर ४८५ चा शेवटचा महिना उजाडायची वाट बघू नको, त्या व्हिसावर कुठेही कुठलंही काम करता येतं, हीच तर त्याची ताकद आहे. मला विचारशील तर वर्षाचा अनुभव पूर्ण होईपर्यंत आहे तिथे टिक, पत्र घे, आणि त्या काळात जिलाँग, ॲडलेडच्या कौन्सिलांच्या (तिकडच्या नगरपालिका) जाहिराती बघत राहा. कौन्सिलची रस्ते-गटाराची कामं आपल्याला बरी जमतात, पावसाचं पाणी कुठून कसं काढायचं हे कोकणात वाढलेल्याला शिकवावं लागत नाही.

मराठी माणसांचं म्हणशील तर ॲडलेडला गणपती बसतो, मोदक होतात, ओला नारळ मिळतो. आंबा मात्र आपला नाही.

---

हर्णैचा_किनारा

सीसीएल बद्दल कोणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून. मी ती मराठीतून दिलीय आणि पास आहे, त्यामुळे नक्की सांगतो.

नाटी ही भाषांतरकारांना मान्यता देणारी तिकडची संस्था घेते, ऑनलाईन होते. दोन संवाद असतात, एक इंग्लिश बोलणारा, एक मराठी बोलणारा, आणि तू मधे बसून दोन्हीकडे भाषांतर करायचं. प्रत्येक संवाद साधारण ३०० शब्दांचा, तुकड्या-तुकड्यात ऐकवतात, एक तुकडा ३५ शब्दांपर्यंत. प्रत्येकी ४५ गुण, एकूण ९०, पास व्हायला ६३ आणि दोन्हीत कमीत कमी २९. प्रत्येक संवादात एकदा तुकडा परत ऐकायची मुभा आहे, त्यापुढे गुण जातात. निकाल पॉइंट्ससाठी तीन वर्षं चालतो.

मराठी आपली आहे म्हणून तयारी न करता बसू नकोस. विषय असतात डॉक्टर, विमा, बँक, शाळेत पालकांची मीटिंग, पोलीस, भाडेकरूचं भांडण, सेंटरलिंकचे सरकारी भत्ते. आपण घरी हे सगळं अर्धं इंग्लिशमध्येच बोलतो त्यामुळे ऐन वेळी तोंडात येत नाही. मुख्य कौशल्य नोट्स काढण्यात आहे, आकडे, तारखा, रक्कम सुटली की गुण गेला. वही घेऊन रोज अर्धा तास, मराठी बातम्या लावायच्या, थांबवायच्या, इंग्लिशमध्ये सांगायचं, मग उलटं. गणपतीत घरी आहेस तर आईला वाक्यं वाचायला बसव, तिचा वेग खऱ्या परीक्षेतल्या माणसासारखाच असेल. तारखा लवकर भरतात, आजच बघ.

---

दापोलीकर_बागायतदार

मुली, तुझ्या बाबांच्या प्रश्नाला मी उत्तर देतो, आमच्या घरात हे होऊन गेलंय, मोठा मुलगा तिकडे आहे.

पीआर म्हणजे नागरिकत्व नव्हे. पासपोर्ट भारताचाच राहतो, तू भारतीय नागरिकच राहतेस, फक्त फेमा ह्या परकीय चलनाच्या कायद्याच्या दृष्टीने अनिवासी. अनिवासी भारतीयाला शेतजमीन, बाग, फार्महाऊस विकत घेता येत नाही. पण वारसाने येणारी जमीन येते, त्याला आडकाठी नाही. इकडे राहत असताना आधीच नावावर असलेली जमीन पण ठेवता येते. उद्या तू तिकडचं नागरिकत्व घेतलंस तर भारताचा पासपोर्ट परत द्यावा लागतो, मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं), तेव्हाही वारसाहक्क राहतो. म्हणजे सातबाऱ्यावर तुझं नाव लागणार, बाबांनी निश्चिंत राहावं.

एक गोष्ट मात्र जपा. कोणी सांगेल की आत्ताच मुलीच्या नावे बक्षीसपत्र करून टाका. तू अनिवासी असताना शेतजमिनीचं बक्षीसपत्र चालत नाही. मृत्युपत्र करावं आणि ते नोंदवून ठेवावं. आपल्या कोकणात आधीच एकेका सातबाऱ्यावर चुलते, आत्या, पणजोबाची नावं मिळून पानभर मंडळी असतात, त्यात परदेशातला वारस म्हटला की फेरफाराला वेळ लागतो. आत्ता घरी आहेस तर बाबांबरोबर तलाठ्याकडे जाऊन उतारे काढ, आजोबांच्या वारस नोंदी झाल्यात का बघ, राहिल्या असतील तर बाबा धडधाकट आहेत तोवर करून घ्या. हे काम पीआरपेक्षा कमी महत्त्वाचं नाही, माझं तरी हेच मत आहे. तिकडे गेल्यावर काही सही लागली तर भारतीय वाणिज्य दूतावासात जाऊन कुलमुखत्यारपत्र करता येतं.

---

मालवणची_नर्स

काकांचं अगदी बरोबर. आणि तुझ्या आईच्या स्थळांबद्दल पण सांगते, कारण त्याचा पॉइंट्सशी थेट संबंध आहे आणि कोणी मोकळेपणाने बोलत नाही.

एकटी असशील तर १० पॉइंट्स. नवरा तिकडचा नागरिक किंवा पीआरवाला असेल तरी १०. नवऱ्याचं वय ४५ च्या आत, त्याचं स्किल असेसमेंट झालेलं आणि इंग्लिश कॉम्पिटंट (किमान पातळीचं) असेल तरी १०. त्याचं फक्त इंग्लिश असेल तर ५. ह्यातलं काहीच नसेल तर शून्य. बोलावणं येतं त्या दिवशी जी परिस्थिती आहे ती धरतात, त्यामुळे इओआय टाकल्यावर लग्न झालं तर तिथे बदल करावाच लागतो, लपवलं तर अर्ज फेटाळला जातो आणि खोटी माहिती दिल्याचा शिक्का बसतो तो वेगळा. बोलावणं येऊन अर्ज टाकल्यानंतर लग्न झालं तर निकाल लागायच्या आत नवऱ्याला त्याच अर्जात जोडता येतं.

लग्न पॉइंट्स बघून करायचं नसतं, माझं म्हणणं एवढंच की तारीख ठरवताना हे आईला माहीत असू दे. आवडलेला मुलगा असेल तर सहा महिने इकडेतिकडे केल्याने कोणाचं काही बिघडत नाही.

---

देवगडची_कलमं

काय सांगू, दोन दिवसांत जेवढं कळलं तेवढं वर्षभरात कळलं नव्हतं. बाबांबरोबर उद्या तलाठी कार्यालयात जातेय. सीसीएलची तारीख घेतली. इंजिनियर्स ऑस्ट्रेलियाचा फॉर्म उघडलाय, रेंज फक्त गडग्याजवळ येते त्यामुळे तिथे खुर्ची टाकून बसलेय.

दोन छोटे प्रश्न राहिलेत. पोलीस क्लिअरन्स इकडूनच आत्ता काढून ठेवू का? आणि अर्ज टाकल्यावर ब्रिजिंगवर असताना गणपतीला येता येतं ना?

---

राजापूर_ते_ॲडलेड

पीसीसी म्हणजे पोलीस क्लिअरन्स आत्ता नको, ते साधारण वर्षभरच धरतात, बोलावणं येईपर्यंत शिळं होईल. गेल्या दहा वर्षांत जिथे जिथे एकूण १२ महिने राहिलीस त्या प्रत्येक देशाचं लागतं, म्हणजे तुला भारताचं आणि ऑस्ट्रेलियाचं, एएफपी म्हणजे तिकडच्या केंद्रीय पोलिसांचं. भारताचं तिकडून पण काढता येतं, पण कधी कधी गावच्या पोलीस ठाण्यातून तपासणीला माणूस येतो, तेव्हा घरच्यांना सांगून ठेव, पासपोर्टवरचा पत्ता आणि घराचा पत्ता एकच आहे ना ते आत्ताच बघ. आमच्याकडे वाडीचं नाव वेगळं पडल्याने खेटे घालायला लागले. आत्ता काढायचंच असेल तर बीईच्या सगळ्या मार्कशीट, जन्मदाखला, आणि आई-बाबांच्या नावाचं स्पेलिंग सगळीकडे सारखं आहे का ते तपासून रंगीत स्कॅन करून घे, हे इकडे असतानाच होतं.

गणपतीचं म्हणशील तर असं, ४८५ चालू आहे तोवर त्यावर ये-जा कर, काही अडचण नाही. ४८५ संपून ब्रिजिंग ए चालू झाला की तो घेऊन देशाबाहेर पाऊल टाकलंस की तो गेला, परत शिरता येत नाही. त्यासाठी निघायच्या आधी ब्रिजिंग बी काढायचा, फॉर्म वेगळा, फी वेगळी, कारण लिहावं लागतं. त्यावर परत यायची शेवटची तारीख असते, तिकीट त्या तारखेच्या बरंच आतलं घे, विसर्जन झाल्यावर मुंबईकडे येणाऱ्या गाड्यांचं काय होतं ते तुला माहीत आहेच.

असेसमेंटचं पत्र आलं की इथे टाक, इओआय कसा भरायचा ते आपण ओळीने बघू. अनुभवाच्या तारखांचा रकाना तिथे लोक घाईत भरतात.